बाईंचा 'होन'

आठवीत इंग्रजीच्या बाईंनी फळ्यावर एक क्रियापद लिहिलं आणि उच्चार सांगितला, 'होन'. माझा हात लगेच वर. होन म्हणजे शिवरायांचं सोन्याचं नाणं! वर्ग हसला, बाई हसल्या नाहीत. "तो होन कन्नडमधला. 'होन्नु' म्हणजे सोनं. हा निराळा, हा मुळात दगड आहे."

जुन्या इंग्रजीत 'हान' म्हणजे दगड. पुढे तो शब्द धार लावायच्या दगडाला चिकटला, आणि कितीतरी शतकांनी त्यावर पातं घासण्याचं क्रियापद झाला. 'शार्पन' असताना हा कशाला, असं मी विचारलं. बाई म्हणाल्या, "आधी धारवाला बघ, मग न्हावी बघ."

मंडईजवळ सायकलचं चाक फिरवत धारवाला बसायचा. ठिणग्या उडायच्या, दोन मिनिटांत विळी तयार. शनिवार पेठेतल्या न्हाव्याचं काम वेगळंच. गुळगुळीत दगडावर पाण्याचे दोन थेंब, वस्तरा अलगद पुढेमागे, शेवटी चामड्याचा पट्टा. ठिणगी नाही, आवाजही जेमतेम. तेव्हा कळलं. शार्पन पेन्सिलीलाही चालतं. होन म्हणजे धार असलेल्या पात्यावरचा शेवटचा, बारीक हात. म्हणूनच इंग्रज आपलं कसब 'होन' करतो. कसब आधी अंगात हवं.

बाईंचं संस्कृतही पक्कं होतं. धार लावणे या अर्थाच्या ज्या प्राचीन धातूपासून 'होन' आला, त्याच कुळातला संस्कृत 'शाण', आणि शाणवरून आपली सहाण, हे त्यांनीच सांगितलं. संध्याकाळी देवघरात आजी सहाणेवर गंध उगाळत होती. मी कितीतरी वेळ नुसता बघत राहिलो. इंग्रजी मला त्या दिवसापासून परकी वाटलेली नाही.

आज अप्पा बळवंत चौकात मुद्रितशोधन करतो. एखाद्या गोष्टीचा नेमका रोख धरणे या अर्थी कुणी 'होन इन ऑन' लिहिलं, की मी 'होम इन ऑन' करतो. तो प्रयोग घराकडे अचूक परतणाऱ्या कबुतरांवरून आलेला, त्यात दगडाचा संबंध नाही.

मराठी प्रतिशब्द मात्र अजून शोधतोय. पाजवणं विळ्या-कोयत्याचं, परजणं तलवारीचं. मला सगळ्यांत जवळचं वाटतं ते 'घोटणं'. खलात औषध घोटतात, आणि बाईंनी आमच्याकडून स्पेलिंगं घोटून घेतली, तसं.