तुम्ही विचारलंत म्हणून: 'दुसरीकडे तर चालतं!'

"दुसऱ्या फोनला लगेच जोडलं जातं, मग तुमच्याच ब्लूटूथ स्टॅकवर का अडतं?" स्टॅक म्हणजे संगणकाचं ब्लूटूथ चालवणारं सॉफ्टवेअर, ते मी लिहिते; आणि हे मला इतक्या जणांनी विचारलंय की बोटं आपोआप दोनच शब्द टाइप करतात: लॉग पाठवा, म्हणजे जोडताना काय काय घडलं त्याची नोंद. समोरच्याला वाटतं, बाई टाळतायत. थोडी टाळतही असेन. आज सविस्तर सांगते.

दुसरीकडे चालतं, कारण तिथे तुमच्या उपकरणाची खोड आधीच कुणाला तरी सापडलेली असते आणि तिला सांभाळून घेतलेलं असतं. कुठल्या उपकरणाला कुठली सूट द्यायची याची अँड्रॉइडच्या स्टॅकमध्ये वेगळी यादीच आहे. लिनक्सच्या यूएसबी ब्लूटूथ ड्रायव्हरमध्ये नकली सीएसआर (ही चिप बनवणारी कंपनी) डाँगल, म्हणजे संगणकाला लावायची ब्लूटूथची कांडी, ओळखायला खास कोड आहे. पॅकेट कसं असावं हे स्पेसिफिकेशनच्या, म्हणजे ब्लूटूथच्या अधिकृत नियमांच्या, हजारो पानांत मिळेल. स्वस्तातली चिप ते प्रत्यक्षात कसं पाठवेल हे ज्याच्या टेबलावर ती चिप आहे त्यालाच कळतं. माझ्या टेबलावर तुमची चिप नसते. म्हणून लॉग. तोही डाँगल लावल्यापासूनचा, कारण आपल्याला कुठकुठल्या कमांड येतात हे कंट्रोलर, म्हणजे डाँगलमधली चिप, अगदी सुरुवातीलाच सांगतो, आणि बहुतेक थापा तिथेच मारलेल्या असतात.

पूर्वी मी फार सोवळ्यातली होते. स्पेक पाळत नाही? मग चूक उपकरणाची, विषय संपला. तेव्हाचं माझं म्हणणं मला आजही पूर्ण खोडता येत नाही. प्रत्येक सवलत म्हणजे कोडमध्ये आणखी एक फाटा, जो त्या एका उपकरणाशिवाय तपासताच येत नाही. एका हेडसेटची सोय करावी, तर दुसऱ्याचं पेअरिंग तुटतं.

मग ब्रेल डिस्प्लेचं प्रकरण झालं.

2019च्या ऑगस्टमध्ये 'नॉब' (KNOB) हल्ला, म्हणजे ब्लूटूथच्या एन्क्रिप्शनमधली एक पळवाट, जाहीर झाला. क्लासिक ब्लूटूथमध्ये एन्क्रिप्शनची किल्ली किती लांब ठेवायची हे दोन्हीकडचे कंट्रोलर आपसात ठरवतात. ही बोलणी उघड्यावर होते आणि स्पेकमध्ये 1 बाइटपर्यंत खाली यायची मुभा होती. मध्ये बसलेल्याने दोघांना तिथवर उतरवलं की उरल्या 256 शक्यता. त्यानंतर किमान 7 बाइटची शिफारस आली. पण ही बोलणी होस्टला, म्हणजे माझ्या कोडला, दिसतच नाही. एन्क्रिप्शन सुरू झालं की कंट्रोलरला विचारायचं, किल्ली केवढी ठरली? आणि कंट्रोलरने उत्तरच दिलं नाही तर? पूर्ण 16 बाइट धरली तर आंधळा विश्वास, शून्य धरली तर जोडणी तोडणं भाग. मी शून्य धरली आणि आवृत्ती प्रसिद्ध केली.

काही दिवसांनी एका गृहस्थांचा मेल आला, त्यांच्या सहकाऱ्याने लिहून पाठवलेला. त्यांना दिसत नाही आणि ऐकूही येत नाही. संगणकाशी त्यांचा सगळा व्यवहार बोटांखालच्या ब्रेल डिस्प्लेवर, तो ब्लूटूथवर, आणि माझी नवी आवृत्ती टाकल्यापासून तो जोडलाच जात नव्हता. मी सवयीने लिहिलं, लॉग पाठवा. उत्तर आलं: लॉग वाचायचा कशावर?

सहकाऱ्याने तो काढून पाठवला. एन्क्रिप्शन सुरू, स्टेटस 00, म्हणजे सगळं ठीक. पुढच्या ओळीत माझा प्रश्न, कमांड 0x1408. उत्तर, स्टेटस 01: अशी कमांड मला माहीत नाही. सुरुवातीच्या यादीत हीच कमांड येते म्हणून त्याच डाँगलने सांगितलेलं. त्याखाली माझ्याच कोडने केलेलं डिसकनेक्ट, कारण 05, ऑथेंटिकेशन फेल्युअर. माझा कोड सांगितलं ते चोख करत होता.

मी म्हटलं, डाँगल बदला. त्यांनी दुसरा मागवला; वेष्टन वेगळं, आत तीच चिप, तीच थाप. केबल लावा म्हटलं, तर डिस्प्लेच्या यूएसबीतून आता फक्त चार्जिंग होत होतं. मग मी नॉबबद्दल लांबलचक समजावून सांगितलं. त्यावर त्यांचं एकच वाक्य आलं: "तुम्ही मला नक्की कुणापासून वाचवताय?"

मला राग आला, खरं सांगते. हे काम मी पगारावर करत नाही, आणि उद्या कुणी त्यांच्याच टायपिंगवर कान लावला असता तर जाब मलाच विचारला असता. पण त्या प्रश्नाला उत्तर नव्हतं. हल्लेखोराला शेजारी येऊन बसावं लागतं, ऐन वेळ साधावी लागते. मी मात्र लांबून, एका आवृत्तीत, त्यांचा संगणक बंद करून दाखवला होता.

सूट डाँगलच्या ओळख क्रमांकावर देता आली असती, पण नकली माल अस्सलचाच क्रमांक लावून येतो. शेवटी मी एक पर्याय ठेवला. किल्लीची लांबी कळली नाही तरी या एका पत्त्याच्या उपकरणावर विश्वास ठेवा. मुळात बंद, हाताने चालू करायचा. त्यांचा डिस्प्ले सुरू झाला.

आता तोच पर्याय लोक एकमेकांना सुचवतात, हेडसेटसाठी, गेमपॅडसाठी, आणि कीबोर्डसाठीसुद्धा, जिथून पासवर्ड जातात. जुनी मी म्हणते, बघ, सांगितलं नव्हतं? मी तिला त्या गृहस्थांचा मेल दाखवते. ती म्हणते, एका माणसासाठी? आणि मग मी चिडते, कारण हा हिशेब डोक्यांवर करायचा का, हे मला ठरवता आलेलं नाही.

मध्यंतरी एकाने पॅच, म्हणजे कोडमध्ये करायचा बदल, पाठवला: हा पर्याय सगळ्यांसाठी मुळातच चालू ठेवा, म्हणजे दुसरीकडे चालतं ते इथेही चालेल. कोड स्वच्छ आहे, चाचण्याही लिहिल्यात. मी तो अजून घेतलेला नाही, परतही पाठवलेला नाही.