स्लिक नको, आधी हवामान बघा: इंग्लंडमधल्या ट्रॅक डेचे टायर

मी इथे इंग्लंडमध्ये ट्रॅक डेला जातो हे कळल्यापासून पुण्यातल्या बाइकवाल्या दोस्तांचा दर फोनला एकच प्रश्न, "स्लिक (खाचा नसलेले रेसचे टायर) टाकले का रे?" नाही टाकले. टाकणारही नाही. आणि त्यात पैशाचा भाग आहेच पण मुख्य भानगड हवेची आहे, म्हणजे बाहेरच्या हवेची, टायरमधल्या हवेकडे नंतर येतो.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: ट्रॅक डे म्हणजे रेस नाही. दीडशे पौंडांच्या आगेमागे पैसे भरायचे, सकाळी लायसन्स दाखवायचं, सायलेन्सरचा आवाज मोजून घ्यायचा, ब्रीफिंगला बसायचं आणि मग नोव्हिस, इंटरमीडिएट, फास्ट अशा ग्रुपमध्ये रेसच्या ट्रॅकवर आपली बाइक वीस-वीस मिनिटं पळवायची. लेदर सूट लागतोच, जीन्सवर कुणी आत घेत नाही. नंबर नाही, कप नाही, आणि रस्त्यावरचा इन्शुरन्स बहुतेक वेळा ट्रॅकवर चालत नाही त्यामुळे पडलात तर खर्च तुमचाच.

मी डर्बीला राहतो, डोनिंग्टन पार्क हा रेस ट्रॅक इथून जवळच. १९३१ पासून तिथे बाइक रेस होतात, मोटोजीपी या जागतिक बाइक रेसची ब्रिटिश फेरी २००९ पर्यंत तिथेच होत होती, आणि त्याच डांबरावर माझी केटीएमची आरसी ३९० बिनधास्त फिरते. ही गाडी आपल्या चाकणची. केटीएम म्हणजे ऑस्ट्रिया असं धरून चाललेल्या पॅडॉकमधल्या, म्हणजे ट्रॅकशेजारी गाड्या लावायच्या आवारातल्या, काकांना फोनवर नकाशा उघडून चाकण दाखवण्यात जी मजा आहे ती वेगळीच.

तर टायर. ढोबळमानाने पायऱ्या अशा, खाली टूरिंगचे टायर, मग रस्त्याचे स्पोर्ट टायर, मग रस्त्यावर चालणारे पण जीव ट्रॅकमध्ये असलेले, उदाहरणार्थ पिरेलीचा सुपरकोर्सा एसपी, मग खाचा असलेले रेस टायर, आणि सगळ्यात वर स्लिक, ज्याला खाचाच नसतात आणि जो रस्त्यावर आणणं इथे बेकायदेशीर आहे. दुकानात उभं राहिलं की माणसाला वाटतं जेवढी वरची पायरी तेवढी जास्त ग्रिप. हे अर्धंच खरं आहे. रेसचं रबर हे थंडीतल्या गुळासारखं असतं, गरम झाल्याशिवाय कशालाच चिकटत नाही. म्हणून रेसवाले टायरला वॉर्मर नावाची विजेची गोधडी गुंडाळतात, साधारण ८० डिग्रीला तासभर, आणि मग तापलेला टायर घेऊन बाहेर पडतात. बाहेर पडल्यावर तो तापमान टिकवायला तेवढा जोरात ब्रेक मारावा लागतो, तेवढं झुकावं लागतं. इंटरमीडिएट ग्रुपमध्ये जरा जपून चालवणाऱ्याच्या हातात तो टायर तिसऱ्या लॅपला (फेरीला) थंड झालेला असतो आणि त्याला कळतही नाही, कळतं ते एकदम.

आता इथला एप्रिल डोळ्यासमोर आणा. सकाळी नऊला हवा सात-आठ डिग्री, डांबर त्याच्याच आसपास, वर वारा. अशात स्लिक लावणारे असतात, पण त्यांच्याकडे व्हॅन असते, जनरेटर असतो, स्टँड असतात, पावसासाठी दुसऱ्या रिम्सवर चढवलेले वेट टायर असतात, आणि मुख्य म्हणजे त्यांना चालवता येतं. मी गाडी घरून चालवत जातो, पाठीवर सॅक, आत पाना, प्रेशर गेज, केळी आणि चिवडा. वॉर्मर लावू कुठे?

रस्त्याच्या स्पोर्ट टायरमध्ये सिलिका भरपूर असते, त्यामुळे तो कमी तापमानात आणि ओल्यात पण काम करतो. दोनेक लॅप शांतपणे मारले की तयार. दुपारी पाऊस आला (येतोच) तर स्लिकवाले चहा पीत बसतात आणि आम्ही जरा हळू का होईना पण फिरत राहतो, पैसे वसूल.

दुसरी गोष्ट वजनाची, आणि याचा विचार फार कमी लोक करतात. टायर गरम होतो तो दाबला जाऊन, वाकून, घासून. हजार सीसीची दोनशे किलोची गाडी दोनशे घोड्यांनी मागच्या टायरला पिळते तेव्हा तो तापणारच. माझी ३७३ सीसी, त्रेचाळीस-चव्वेचाळीस घोडे, अंगाने सडपातळ. तिच्यावर मोठ्या गाडीसाठी बनवलेला कडक सांगाड्याचा टायर टाकला तर तो दिवसभर कोमटच राहील. शिवाय टायरचं माप पुढे ११०/७० आणि मागे १५०/६०, या मापात चॉइस आधीच कमी. मी ब्रिजस्टोनचे एस २२ लावलेत. पिरेलीचा डायब्लो रोसो ३ पण याच मापात मिळतो आणि मला वाटतं दोघांत माझ्यासारख्याला फरक कळणार नाही, जो ऑफरमध्ये असेल तो घ्यावा.

आणि "मऊ म्हणजे थंडीला बरा" हा पण एक गैरसमज. पिरेलीच्या रेस कंपाउंडमध्ये, म्हणजे रबराच्या प्रकारांत, एससी० मऊ, मग एससी१, एससी२ असं कडक होत जातं, पण अति मऊ रबर थंड खरखरीत डांबरावर चिकटायच्या ऐवजी फाटतं, म्हणून थंडीत मागच्या चाकाला एससी२ लावणारे जाणकार दिसतात. हे मला पॅडॉकमधल्या टायरवाल्या आजोबांनी सांगितलं. बऱ्याच ट्रॅक डेला अशी टायरची व्हॅन असते, हे आजोबा गाडी कुठली, सूट कुठला काही बघत नाहीत, सरळ वाकून टायरवर अंगठा फिरवतात आणि सांगतात की तू कुठे घाबरतोस.

घाबरायची जागा म्हणाल तर डोनिंग्टनला ती ठरलेली आहे. ट्रॅक घड्याळाच्या काट्याच्या दिशेने, म्हणजे उजवी वळणं जास्त. पिटमधून निघालं की रेडगेट उजवीकडे, हॉलीवूड उजवीकडे, आणि मग उतारावर वेगात क्रेनर, डावीकडे. तोपर्यंत टायरची उजवी कड ऊन खाऊन बसलेली आणि डावी कड गॅरेजमधून निघाली तशीच गार. उजवीकडे छान पकडतोय म्हणून माणूस निश्चिंत होतो आणि तिथेच आडवा होतो, मोठमोठे लोक तिथे पडलेत. कुठलाही टायर असो, पहिले दोन लॅप क्रेनरला मी आजीला मागे बसवल्यासारखा जातो.

आता टायरमधल्या हवेकडे. खरं सांगायचं तर वीस पौंडाचा चांगला गेज हा महागड्या टायरपेक्षा जास्त फरक पाडतो. मोठ्या बाइकवाले रस्त्यावर पुढे ३६ आणि मागे ४२ पीएसआय ठेवतात, ट्रॅकवर टायर तापला की आतली हवा फुगते, चार-पाच पीएसआय सहज वाढतात, टायर टणक होतो आणि जमिनीला टेकणारा भाग कमी होतो. म्हणून स्पोर्ट टायरला थंड असताना ३०-३२ च्या आसपास सुरुवात करतात. पण खरा आकडा गरम टायरचा, सेशन संपवून आल्या आल्या मोजलेला, हेल्मेट काढायच्या आधी. गप्पा मारून दहा मिनिटांनी मोजलं तर तो आकडा कुणाच्याच कामाचा नाही. आणि कंपनीचा चार्ट बघा, मित्राचा आकडा नाही, कारण रेस टायरचे आकडे यापेक्षा बरेच खाली असतात आणि ते रोडच्या टायरला लावले तर गाडी पाण्यात चालवल्यासारखी वाटते. संध्याकाळी घरी निघताना हवा परत भरायची, एम१ हायवेवर कमी हवेत ७० माइल स्पीडने जाणं म्हणजे टायरची वाट.

वापरलेले रेस टायर पॅडॉकमध्ये स्वस्तात मिळतात, खाचा भरपूर दिसतात, मोह होतो. घेऊ नका. असा टायर तापून थंड झाला, परत तापला, परत थंड झाला की दर वेळी थोडा कडक होतो, खाच तशीच राहते आणि ग्रिप निघून जाते. आणि नवा घेताना पण बाजूवरचे चार आकडे वाचा, २३१९ म्हणजे २०१९ च्या तेविसाव्या आठवड्यात बनलेला. रस्त्यावर चालवायचा असेल तर इथल्या कायद्याने रुंदीच्या तीन चतुर्थांश भागात निदान १ मिलिमीटर खाच हवी, ट्रॅकवर कडा लवकर जातात त्यामुळे मधला भाग नवा दिसतो म्हणून खूश होण्यात अर्थ नाही.

तुमच्यातले जे कोइम्बतूरच्या कारी स्पीडवेला जातात त्यांचं गणित मात्र उलटं आहे. तिथे दुपारी डांबरच इतकं तापलेलं असतं की टायर गरम करायचा प्रश्नच नाही, तो थंड कसा ठेवायचा हा प्रश्न. प्रेशर जास्त वाढणार, म्हणून सुरुवात आणखी थोडी खालून करा आणि प्रत्येक सेशननंतर मोजा, सकाळचा आकडा दुपारी चालणार नाही. टूरिंगचा टायर असेल तर चार-पाच लॅपनंतर तो वंगण लावल्यासारखा सरकायला लागतो, तेव्हा हिरोगिरी न करता आत या. तिथे स्पोर्ट टायरवरचे पैसे वसूल होतात, आणि स्लिक? ज्याचे लॅप टाइम त्या टायरवर अडलेत त्याने खुशाल घ्यावेत.