डिझेलच्या गाडीत पेट्रोल

आज टो करून आलेल्या गाडीचा डिझेल फिल्टर उघडला आणि जीव हळहळला. तळाशी चंदेरी, चकचकीत, बारीक कीस. इंजिनाकडे प्रचंड दाबाने डिझेल पाठवणाऱ्या हाय प्रेशर पंपाचा धातू झिजून तिथे साठला होता. पेट्रोल पंपावर डिझेलऐवजी पेट्रोल भरलं गेलं, कुणाच्या लक्षात आलं नाही आणि गाडी तशीच दामटली. आधी पिकअप गेला, मग खडखडाट, शेवटी भर रस्त्यात बंद.

डिझेल इंजिनात स्पार्क प्लग नसतो. हवा १५ ते २० पट दाबून इतकी तापवतात की डिझेल आपोआप पेटतं. पेट्रोल असं सहज पेटत नाही, म्हणून गाडी अडखळते. पण खरा घात हाय प्रेशर पंपात होतो. डिझेल नुसतं इंधन नाही, पंपाचं वंगणही तेच! पंपातून डिझेल ज्या सामाईक नळीत जातं त्या कॉमन रेलमध्ये दाब २००० बारपर्यंत (हवेच्या दाबाच्या जवळपास २००० पट) जातो. पंपात पेट्रोल आलं की धातूवर धातू घासतो आणि तो कीस थेट इंजिनात इंधन फवारणाऱ्या इंजेक्टरमध्ये. मग सगळंच खोला.

पेट्रोलचं नोझल बारीक असतं, डिझेलच्या टाकीत आरामात जातं. त्यामुळे भरताना खाली उतरून बघाच. चुकीचं भरलं गेलंच तर चावीसुद्धा फिरवू नका. बऱ्याच गाड्यांत इग्निशन ऑन होताच टाकीतला पंप इंधन पुढे ढकलतो. गाडी ढकलून बाजूला घ्या, मेकॅनिकला बोलवा. स्टार्ट केलेली नसेल तर बहुतेक वेळा टाकी रिकामी करून फिल्टर बदलण्यावर भागतं. आणि "थोडंच गेलंय, वरून डिझेल टाका, चालेल" असं कुणी सांगितलं तर कृपया ऐकू नका.