सांता फेला मडकं घेताना

अमेरिकेत, न्यू मेक्सिकोतल्या आल्बुकर्कीला राहायला आल्यापासून एक प्वेब्लो मडकं, म्हणजे इथल्या प्वेब्लो या मूळ रहिवासी लोकांनी केलेलं, घ्यायचं मनात होतं, पण हातानं वळलेलंच. दुकानांत विचारून पाहिलं. 1990 चा कायदा आहे, परक्याचा माल नेटिव्ह अमेरिकन म्हणून विकता येत नाही. पण हा कायदा वस्तू बनवणाऱ्याची जमात बघतो. भांडं वळलंय की साच्यात ओतून वर नुसती नक्षी रंगवलीय, ते आपलं आपणच बघायचं. एका दुकानदारानं तर हा प्रश्न सरळ टोलवला.

मग आईला घेऊन सांता फेला, पॅलेस ऑफ द गव्हर्नर्स या जुन्या सरकारी वाड्याच्या ओसरीत गेले. तिथे कारागीर भिंतीला टेकून कापडावर माल मांडतात, आणि तो स्वतः किंवा घरच्यांनी केलेलाच लागतो. सॅन इल्डेफोन्सो या प्वेब्लो गावच्या एका बाईंनी काळं मडकं माझ्या हातात दिलं आणि बोटं आत फिरवायला सांगितली. बाहेरून आरसा, आत मात्र बोटांना बारीक चढउतार लागत होते. साच्यातलं आतूनही एकसारखं असतं.

चाक नाहीच. मातीत ज्वालामुखीची राख मळायची, वळ्या रचायच्या, सुकल्यावर खरवडायचं. मग तांबड्या मातीचा पातळ लेप, आणि तो पुरता सुकायच्या आत दगडानं घोटायचं, मध्ये उठायचं नाही. त्यांचा दगड आईकडून आलेला. भाजताना ऐन वेळी लिदीचा भुगा टाकून जाळ कोंडतात. हवा तुटली की तांबडं काळं होतं. नाही कोंडला तर तेच मडकं लाल निघतं.

चकाकत्या काळ्यावर मंद काळी नक्षी ही मारिया आणि हुलियान मार्टिनेझ या जोडप्याची, 1920 च्या आसपासची. ती वळायची, घोटायची, तो रंगवायचा. 1943 मध्ये तो गेल्यावर नक्षी सून सांतानानं हातात घेतली, पुढे मुलगा पोपोवी दा यानं. म्हणून बुडाची सही वाचायची: घरातलं कोण कोण त्यात आहे ते कळतं. आमच्या मडक्यावर दोन नावं आहेत, बाईंचं आणि लेकीचं.

आईनं विचारून टिचकी मारली. आवाज स्वच्छ होता, म्हणजे चीर नाही. घासाघीस मात्र मी करू दिली नाही.

पाणी भरायचं नाही, ओलं फडकंही लावायचं नाही, असं बाईंनी बजावलं. आईला हे अजून पटलेलं नाही.