सशाची अँटीबॉडी आणि दोन बँड
काल वेस्टर्न ब्लॉट (प्रोटीन आकारानुसार वेगळी करून मेंब्रेनवर, म्हणजे पातळ पडद्यावर, अँटीबॉडीने शोधायची चाचणी) डेव्हलप केला आणि बघतो तर काय, सॉनिक हेजहॉग या प्रोटीनचा ४५ किलोडाल्टनचा (प्रोटीनच्या वजनाचं माप) बँड म्हणजे पट्टा पुसट आणि खाली १९ च्या आसपास एकदम ठसठशीत, आधी वाटलं अँटीबॉडीच गंडलीय, मग ट्यूब पेटली, हे प्रोटीन स्वतःच स्वतःला कापतं ना, आणि पेशींना सिग्नल देतो तो पुढचा छोटा तुकडाच. आपली अँटीबॉडी त्याच टोकाविरुद्धची, म्हणून अख्खं प्रोटीन आणि तुकडा दोन्ही दिसतात.

सशाची पॉलिक्लोनल म्हणजे एकाच जागी न चिकटता बऱ्याच ठिकाणी धरते, बँड मस्त उठतो, पण बॅकग्राउंड (नको तिथला काळेपणा) पण फुकटात. अँटीबॉडी भलतीकडे चिकटू नये म्हणून तासभर दूध पावडरमध्ये ब्लॉक करूनही मेंब्रेन काळवंडलेलीच! आणि अँटीबॉडीचा नवीन लॉट (बॅच) आला की डायल्यूशन, म्हणजे ती किती पातळ करायची ते, परत सेट करा बरं का, ससा बदलला की अँटीबॉडी बदलली. मी जुना लॉट थोडा राखून ठेवायला हवा होता, आता कशाशी ताडून बघू?