ऍक्टिव्हा सीव्हीटी अपडेट : रोलर हलके केले, स्प्रिंगला हात लावला नाही

तर मंडळी, ऍक्टिव्हा फोरजीचं व्हेरिएटर (सीव्हीटी म्हणजे बेल्टवर चालणारा ऑटोमॅटिक गिअर, त्याची ही पुढची पुली; आतले रोलर वेगाबरोबर बाहेर सरकून पुली आवळतात) परत खोललं. कव्हर काढलं की नेहमीसारखी बेल्टची काळी धूळ, एअरने उडवली (मास्क लावा रे, दिवसभर नाकातून काळं येतं). जुन्या रोलरची पार वाट लागलेली, बऱ्याच रोलरना एका बाजूने सपाट पट्टा पडलेला, बोट फिरवलं की कड लागते. असे रोलर सरकताना अडतात, मग पिकअप मध्येच गचके खातो आणि आपण बसतो कार्बोरेटरला शिव्या घालत.

आधी सहाच्या सहा प्रत्येकी २ ग्रॅम हलके टाकले, पाकिटावरच्या आकड्यावर माझा विश्वास नाही म्हणून ओळखीच्या सोनाराकडे काट्यावर एकेक तोलून घेतले. प्लगच्या वायरीला गुंडाळायचा स्वस्तातला टॅकोमीटर लावलाय, कात्रजच्या जुन्या घाटात फुल थ्रॉटलला आधी ५६०० आरपीएमच्या (मिनिटाला इंजिनचे फेरे) आसपास घुटमळायची ती ६१०० धरून चढायला लागली. या इंजिनचा जास्तीत जास्त टॉर्क (फिरवायचा जोर) ५५०० ला आणि जास्तीत जास्त ताकद, ८ बीएचपी, ७५०० ला, त्यामुळे चढावर जरा वर फिरलं की ताकद मिळणारच, डबलसीटला तर लगेच कळतं. पण सपाटीला ५० वर निवांत चाललो तरी इंजिन उगाच ओरडतं आणि ॲव्हरेजपण पडलं.

म्हणून आता तीन स्टॉक (कंपनीच्या मूळ) वजनाचे नवे आणि तीन हलके, एकाआड एक. बऱ्याच जणांना हे मिक्स करणं पटत नाही पण एकाआड एक बसवले तर बॅलन्स बिघडत नाही, वजन सरासरीचंच लागू पडतं. घाटात ५८०० मिळतात, मला एवढं बास.

टॉप स्पीड गेला का विचारणाऱ्यांनी पुढच्या पुलीच्या चकचकीत भागावर मधून कडेपर्यंत मार्करने रेघ मारा, मोकळ्या रस्त्यावर एकदा ताणून या, परत खोला आणि बेल्टने रेघ कुठवर पुसलीय ते बघा. माझी कडेला दोनेक मिमी राहिली, स्टॉकलाही जवळपास तेवढीच होती, म्हणजे टॉप जागेवर आहे.

कॉन्ट्रा स्प्रिंग (मागची पुली दाबून धरणारी) कडक टाक म्हणून सगळे मागे लागलेत, पण ११० सीसीला मला ते पटत नाही, बेल्ट जास्त आवळला जातो, तापतो, लवकर जातो. आणि रोलरला ग्रीस फासू नका राव, ते मागच्या टॉर्क ड्रायव्हरच्या (मागची पुली उघडते-मिटते तो भाग) पिनांना, तेपण हाय टेंपरेचरचं आणि थोडंच.

सुटताना क्लचची थरथर अजून आहे, बेल (क्लचभोवतीचा ड्रम) आतून निळसर पडलीय, आता तिच्याकडे बघतो. पुण्यात कोणाकडे पुली धरायचा होल्डर जास्तीचा असेल तर सांगा, माझा वाकलाय.