पांढरी दोनचा गांधार

‘काका, पेटी बिघडवलीत तुम्ही.’ परवा एका साथीदाराचा फोन आला. तीस वर्षं पेट्यांचे सूर लावतोय, हे वाक्य काही नवीन नाही. बहुतेक वेळा पेटी उन्हात ठेवलेली असते, नाहीतर भात्याला उंदीर लागलेला असतो. या खेपेला मात्र तो खरं बोलत होता. आणि गंमत म्हणजे तीच पेटी मी इतक्या वर्षांत सगळ्यात मन लावून मिळवली होती.

पेटी एका गाणाऱ्या बाईंची. घेऊन आली त्यांची शिष्या, संगीतावर प्रबंध लिहिणारी मुलगी. बाई काळी पाचमध्ये गातात, म्हणजे पाचवी काळी पट्टी हा त्यांचा सा. त्यांना गांधार ट्यूनिंग हवं होतं. म्हणजे बारा सूर सारख्या अंतरावर न बसवता काळी पाचला सा धरून एकेक सूर तंबोऱ्याशी मिळवायचा. हल्ली मोबाइलवर हिरवा दिवा लागला की सूर लागला म्हणणारे दुकानदार गल्लोगल्ली झालेत. तो दिवा ज्या गांधाराला, म्हणजे ‘ग’ला, लागतो तो तंबोऱ्यातून आपसूक ऐकू येणाऱ्या गांधारापेक्षा 14 सेंट चढा असतो. पट्टी आणि शेजारची पट्टी यांत 100 सेंट, त्यातले 14. कान तयार असेल त्याला ते खुपतात.

काम वेळखाऊ. रीडच्या, म्हणजे हवेने थरथरून सूर देणाऱ्या पितळी जिभेच्या, पात्याखाली पोलादाची पातळ पत्री सरकवायची. टोकाशी खरवडलं की सूर चढतो, बुडाशी खरवडलं की उतरतो. पण खरवडताना पितळ तापतं, आणि तापलेलं पितळ खोटं बोलतं, सूर उतरलेला दाखवतं. म्हणून चार हात मारायचे आणि थांबायचं. रीड गार होऊ द्यायची. मग पेटी लावून, भाता मारून ऐकायचं. नवीन पोरांना हे थांबणंच जमत नाही. गार व्हायच्या आत पुन्हा कानस लावतात आणि सूर पार निघून जातो.

अशाच एका थांबण्यात ती म्हणाली, ‘तुमच्या पेटीला शिव्या देणाऱ्या साहेबावर लिहितेय मी.’

साहेबाचं नाव जॉन फोल्ड्स. 1880 सालचा, मँचेस्टरचा. बाप हॅले ऑर्केस्ट्रात बसून वाजवायचा, हा तिथेच चेलो वाजवायला लागला. महायुद्धात मेलेल्यांसाठी त्याने ‘वर्ल्ड रिक्वायम’ रचलं. 1923 पासून चार वर्षं दर 11 नोव्हेंबरला लंडनमध्ये ते व्हायचं, मग बंद पडलं. बायको मॉड मॅकार्थी हिंदुस्थानात राहून गाणं शिकलेली. दोघं 1935 साली इकडे आली. दिल्लीत रेडिओवर युरोपीय संगीताचं खातं त्याच्याकडे. त्याने आपल्या वादकांना नोटेशन वाचायला बसवलं, देशी वाद्यांचा ऑर्केस्ट्रा उभा केला. आणि 1938 साली रेडिओच्या मासिकात पेटीविरुद्ध लेख लिहिला. हिला मींड, म्हणजे एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाणं, येत नाही, श्रुती, म्हणजे दोन पट्ट्यांमधले बारीक सूर, येत नाहीत, हिंदी गाण्याचं ही वाटोळं करते, असा सूर.

मी म्हटलं, ‘चेलोवाला ना? बोट घसरवत सुरावर जाणारा माणूस. राग येणारच.’

‘पण याच माणसाने दक्षिणेतल्या मेळांवरून, म्हणजे रागांच्या सुरावलींवरून, पियानोसाठी तुकडे रचलेत, काका.’

आता पियानोला कुठली आलीय मींड! पण ते बोलायच्या आत रीड गार झाली होती.

1 मार्च 1940 ला रेडिओवर पेटी बंद झाली. फोल्ड्स ते बघायला नव्हता. आदल्या वर्षीच्या एप्रिलमध्ये कलकत्त्यात पटकीने गेला. मोठ्या कलावंतांना 1971 पासून रेडिओवर पेटी पुन्हा मिळाली. ज्या देशात गोविंदराव टेंबे नुसत्या पेटीची मैफल रंगवत होते, तिथे ही गत. साहेबापेक्षा त्याला माना डोलावणारे आपले लोक मला जास्त डाचतात.

संध्याकाळी पेटी झाली. काळी पाचचा सा, त्याचा गांधार पांढरी दोनवर. दोन पट्ट्या एकदम दाबल्या, सुरात जराही लहर नाही. पोरीने डोळे मिटले. मी मनात म्हटलं, घे साहेबा.

तिसऱ्या दिवशी तो फोन. बाईंच्या घरच्या बैठकीत एक पाहुणे गवई बसले, ते पांढरी दोनचे. साथीदाराने तीच पेटी पुढे ओढली. आता पांढरी दोनला सा धरला की गांधार येतो काळी तीनवर, आणि काळी तीन मी काळी पाचचा कोमल धैवत म्हणून मिळवलेली. हिशेब मांडला तर तो गांधार हवा त्याच्यापेक्षा 42 सेंट चढा. गवयांनी दुसऱ्याच तानेला गाणं थांबवून साथीदाराकडे बघितलं म्हणे.

हे मला आधी कळायला हवं होतं. कळत होतंच. फक्त काळी पाचलाच वाजवा, अशी चिठ्ठी पेटीत चिकटवायची राहिली, कारण त्या गांधारावर मीच खूश होतो. सारख्या अंतराची पेटी सगळ्या गळ्यांशी थोडी थोडी लबाडी करते. माझी पेटी एका गळ्याशी शंभर टक्के खरी आणि बाकीच्यांना उघड दगा देणारी. साहेब म्हणत होता ते मी मोडून काढलं, की त्याचंच म्हणणं सिद्ध करून दिलं, अजून ठरत नाही.

साथीदार म्हणतो पूर्वीसारखी करा. बाई म्हणतात हात लावायचा नाही. पेटी सध्या माझ्या फळीवर. काल ती मुलगी आली, पांढरी दोन धरून ठेवली आणि वर काळी तीन दाबली. मला दात आंबल्यासारखं झालं. तिने पुन्हा दाबली.

‘42 ना? पाव स्वर 50 चा. फोल्ड्सने चेलोच्या सोनाटात पाव स्वर घातलेत, काका. इतक्या जवळचा सूर पेटीवर मी पहिल्यांदा ऐकतेय. रेकॉर्ड करून घेते, मग काय ती कानस लावा.’

भाता तिनेच मारला. मी पंखा बंद केला, आवाज नको म्हणून.